थर्मोस्टॅट काढलेली गाडी

भेस्तानात थंडी पडत नाही, ती पेपरात येते. पारा पंधराच्या खाली उतरल्याची बातमी छापून आली की दुसऱ्या दिवशी स्टेशनच्या रस्त्याला कानटोप्या दिसायला लागतात, टपरीवरच्या चहात आलं वाढतं आणि हातगाड्यांवर पोंक येतो. पोंक म्हणजे आपला हुरडाच. फक्त इथे तो लिंबू-मरीच्या शेवेबरोबर खायचा आणि वर ताक प्यायचं. पांडेसराच्या कापडाच्या प्रोसेस हाउसमध्ये बॉयलरशेजारी पाळी करणाऱ्यांच्या वाट्याला तेवढीही थंडी येत नाही. ते जानेवारीतही बनियनवरच असतात. सुरतेजवळचं, उधना आणि सचिन यांच्या मधलं हे आमचं स्टेशन. नंदुरबार, धुळे, जळगावकडून ताप्ती लाइनने आलेली कितीतरी कुटुंबं या पट्ट्यात वसली, आणि ऊन, घाम, लूमचा खटखटाट एवढंच हवामान त्यांना पुरलं. तसं आपल्या माणसांचं सुरतेला येणं जुनंच. महाराज पहिल्यांदा आले ते 1664 च्या जानेवारीत. हवा बघून आले असावेत असं मला उगाच वाटतं.

तर अशा गावातल्या माणसावर उणे तीस अंशांत चालेल अशी जुनी फोर-बाय-फोर गाडी निवडायची पाळी आली.

भाचा मूळचा भुसावळचा. मे महिन्यातले सेहेचाळीस अंश खाऊन मोठा झालेला. सिव्हिल इंजिनियर होऊन एका रस्तेवाल्या ठेकेदाराकडे लागला, आणि ठेकेदाराला काम मिळालं ते थेट कारगिल जिल्ह्यात, द्रासजवळ. द्रासला हिवाळ्यात उणे वीस-पंचवीस ही रोजची गोष्ट. 1995 च्या जानेवारीत तिथे उणे साठ झालं होतं असं सांगतात. साइटवर जायला-यायला स्वतःची गाडी हवी, नवी घेण्याइतका पगार नाही. त्याचा फोन आला, "मामा, सुरतेची माणसं गाड्या फार लवकर बदलतात म्हणे. एखादी धडकी बघा ना, हिवाळ्याच्या आत."

भाच्याने काम सांगावं आणि मामाने नाही म्हणावं अशी रीत आमच्यात नाही. शिवाय मला गाडीतलं फारसं कळत नाही हे त्याला ठाऊक होतं, म्हणजे त्याची अपेक्षाही बेताचीच असणार.

आमच्या सोसायटीत गाडी घेणं ही खासगी बाब समजत नाहीत. संध्याकाळी खालच्या बाकड्यावर मी विषय काढला मात्र, सगळ्यांना कंठ फुटला. समोरचे आप्पा मिलमधून रिटायर झालेत. त्यांचं मत सुमो. का, तर सप्तशृंगीला सगळं घर एका खेपेला जातं. भाचा एकटा आहे, त्याला दहा माणसं न्यायची नाहीत, हे त्यांना दोनदा सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "आज एकटा आहे." टाटांनी 1994 साली ती गाडी काढली तेव्हा तिचं नाव सुमंत मूळगावकरांच्या नावातली पहिली अक्षरं जोडून ठेवलं. हे कळल्यापासून आप्पांच्या लेखी सुमो नातेवाइकांत जमा आहे. वरच्या मजल्यावरचा पोरगा मोबाइलवरून साड्या विकतो. त्याचं म्हणणं थार, आणि तीसुद्धा काळीच. नवी थार 2020 च्या 2 ऑक्टोबरला बाजारात आली तेव्हापासून हा मुलगा तिच्याशी मनाने लग्न लावून बसलाय. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने गुरखाचं नाव घेतलं. तिच्यात पुढचा आणि मागचा दोन्ही डिफरेन्शियल लॉक होतात, म्हणजे तीन चाकं फिरून फिरून थकली तरी चौथं गाडीला ओढून काढतं. शेजारचे काठियावाडी भाई सगळं शांतपणे ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "केटली एवरेज आपे छे?"

अर्धा तास ऐकल्यावर माझ्या लक्षात आलं की यांतलं कुणीच भाच्यासाठी गाडी निवडत नव्हतं. प्रत्येकाची एकेक सहल राहून गेली होती आणि तो तिच्यासाठी गाडी बघत होता. द्रास हे निमित्त.

ही खोड भेस्तानपुरती नाही. 1908 साली शॅकलटनने अंटार्क्टिकावर अॅरोल-जॉन्स्टन कंपनीची मोटार नेली होती. त्या खंडावर उतरलेली ती पहिली मोटार. कडक बर्फावर ती बरी पळाली, भुसभुशीत बर्फ लागला की चाकं रुतून जागच्या जागी फिरायला लागली. दक्षिण ध्रुवाच्या वाटेवर शेवटी मांचुरियाची तट्टं आणि माणसांचे पाय कामाला आले. गाडी न्यायचा सल्ला त्याला कुणी दिला असेल ते असो, देणारा स्वतः घरी बसून असणार.

एक मात्र गंमतीचं. हिंदुस्थानातल्या दांडग्या गाड्यांचा नकाशा काढला तर तो बराचसा आपल्याच मुलखाचा निघतो. स्वातंत्र्यानंतर लगेचच्या वर्षांत महिंद्रांनी विलीस जीप जोडायला घेतली ती मुंबईत माझगावला. पुढे कांदिवली, आणि थार नाशिकला. सुमो आणि सफारी पुण्याच्या. गुरखाची कंपनी आकुर्डीची. म्हणजे ज्या गाड्यांनी बर्फात जायचं त्या घडल्या पंख्याखाली. या नकाशाबाहेरच्या दोन. एक जोंगा, जबलपूरच्या फौजी कारखान्यातली, जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन असलेली. लिटरला पाच किलोमीटर गेली तरी मालकाने देवापुढे नारळ फोडावा. 1999 मध्ये ती बंद झाली. लिलावातून सुटलेल्या जोंगा अजून कुठे कुठे दिसतात, आणि त्यांच्याइतकं सरळ तोंड मी दुसऱ्या गाडीला पाहिलेलं नाही. काठियावाडी भाईंसमोर तिचं नाव मी घेतलं नाही. दुसरी जिप्सी, 1985 पासून गुडगावला बनलेली, अलीकडे बंद झालेली. तिच्याबद्दल बाकड्यावर कुणीच बोललं नाही. ती काही कुणाच्या स्वप्नातली गाडी नव्हे.

जिप्सीचं नाव काढलं मेजरांनी. फौजेतून आलेल्या प्रत्येकाला आपण मेजर म्हणतो. हे हवालदार होते, चाळीसगावकडचे, फौजेत ड्रायव्हर. आता एका मिलच्या गेटवर बसतात. द्रासला त्यांनी हिवाळे काढलेत, पण आपण होऊन कधी सांगत नाहीत. त्या दिवशी पाळी संपवून घरी निघाले होते, बाकड्यापाशी जरा थांबले, थार आणि गुरखाचं भांडण ऐकलं आणि म्हणाले, "गाडी पळती किती ते जाऊ द्या. सकाळी उठती का, ते बघा."

एवढं बोलून ते निघालेच होते. मी हाताला धरून बसवलं.

मग कळलं की थंड मुलखात गाडीचा सगळा जीव सकाळच्या त्या पाच मिनिटांत असतो. डिझेलमध्ये मेण असतं, पॅराफिनचं. थंडी वाढली की ते आधी धुरकट दिसतं, मग बाटलीतलं खोबरेल थिजावं तसं थिजतं, फिल्टर बंद होतो आणि टाकीभर डिझेल असून गाडी उपाशी. मेजरांच्या वेळी त्यात रॉकेल मिसळायचे. रात्री दर दोन तासांनी उठून इंजिन चालू करायचं, नाहीतर सकाळी ऑइलच्या चेंबरखाली स्टोव्ह लावून बसायचं. आता इंडियन ऑइलने 2019 च्या नोव्हेंबरात लडाखसाठी हिवाळी डिझेल काढलंय, पानिपतच्या रिफायनरीतून जातं, आणि ते उणे तेहेतीसपर्यंत वाहतं राहतं. मेजरांनी हे ऐकून मान डोलावली. आपण उगाच इतक्या रात्री उठलो, असा काहीसा भाव त्या डोलावण्यात होता. पेट्रोलला हा त्रास नाही. तेवढ्या थंडीत पेट्रोल थिजत नाही. म्हणून जिप्सी. तेराशे सीसीचं इंजिन, वजन टनाच्या आत-बाहेर. "अडकली तर चार जवान उचलून बाजूला ठेवतात," मेजर म्हणाले. "सुमो उचलून बघा." आप्पांनी ते मनाला लावून घेतलं.

बॅटरीचं दुखणं वेगळं. उणे अठराच्या सुमाराला तिची ताकद निम्म्यावर येते, आणि नेमकं तेव्हाच इंजिनातलं ऑइल घट्ट होऊन दुप्पट जोर मागतं. ऑइलच्या डब्यावर जे दोन आकडे असतात त्यांतला पहिला थंडीचा. आपल्याकडे जुन्या गाडीत वीस-पन्नास घालतात, तिकडे पहिला आकडा पाच किंवा शून्य पाहिजे. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी असलं तर ते गोठताना नऊ टक्के फुगतं आणि इंजिनाचा बिडाचा ठोकळा तडकवून टाकतं. म्हणून त्यात ग्लायकॉल. इथे गॅरेजवाल्याने मध्येच तोंड घातलं की मग पाणी मिसळायचंच कशाला, शुद्ध ग्लायकॉलच भरावं. शुद्ध ग्लायकॉल उणे तेराच्या आसपास गोठतं. निम्मं पाणी मिसळलं की मग उणे सदतीसपर्यंत टिकतं. भेसळीने माल सुधारतो असं हे दुर्मिळ उदाहरण. काठियावाडी भाई पहिल्यांदाच खुलले.

बऱ्याच नव्या डिझेल गाड्यांमध्ये धुरातले विषारी वायू कमी करायला युरियाचं पाणी घालावं लागतं. ते उणे अकरालाच गोठतं. म्हणजे जुनी गाडी घेणं ही द्रासमध्ये गरिबी नव्हे, अक्कल ठरू शकते. टायर रुंद नकोत. अरुंद टायर बर्फात रुततं आणि खालची जमीन धरतं, रुंद वरच्यावर तरंगतं. वरच्या मजल्यावरच्या मुलाने आपल्या मोबाइलवरचा काळ्या थारचा फोटो हळूच बंद केला. उंचीवर हवा विरळ, लेहला समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश. कार्ब्युरेटरची गाडी तिथे काळा धूर ओकते, इंजेक्शनची आपली आपण जुळवून घेते. थंडीने टायरची हवा उतरते आणि उंचीने तीच चढते, तेव्हा इथून भरून नेलेल्या हवेचा भरवसा धरायचा नाही. आणि रात्री गाडी लावताना हँडब्रेक ओढायचा नाही. तो सकाळी सुटतच नाही. गिअरमध्ये टाकायची आणि चाकाला दगड लावायचा.

"आम्ही हँडब्रेक ओढल्याशिवाय गाडीतून उतरत नाही," आप्पा म्हणाले.

"तुम्ही उतरा, आप्पा," मेजर म्हणाले. "तुमचं भेस्तान आहे."

रविवारी मी आणि मेजर जुन्या गाड्यांच्या एका डेपोत गेलो. मे महिना, सकाळचे दहा, पत्र्याच्या शेडखाली ओळीने उभ्या गाड्या आणि बाहेर डांबर पातळ व्हायला आलेलं. मालकाने आम्हाला बघताच एका थारचा एसी फुल करून दार उघडून धरलं. गिऱ्हाइकाला आत बसवायचं आणि बाहेरच्या उन्हाची भीती घालायची, हे त्यांचं विकण्याचं तंत्र. मेजर बसले नाहीत. कोपऱ्यात एक पांढरी जिप्सी होती, 2003 ची, तिच्याकडे बोट करून म्हणाले, "हिचा हीटर चालू करा."

मालकाला वाटलं ऐकण्यात काहीतरी चूक झाली. "एसी?"

"हीटर."

शेडमधली पोरं जमा झाली. बटण फिरवलं तसा आतून करकर आवाज आला, मग भुरकन धूळ उडाली, आणि मग काहीच नाही. मेजरांनी बॉनेट उघडलं. हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही रबरी नळ्या काढून एकमेकींना जोडलेल्या होत्या. कधीतरी हीटर गळायला लागला असणार, आणि नवा बसवण्याऐवजी मिस्त्रीने त्याला कायमचा बाजूला केला असणार. सुरतेत हीटरवर पैसा घालणारा माणूस भेटणार कुठे? मग मेजरांनी थर्मोस्टॅटचं विचारलं. डेपोचा मिस्त्री अभिमानाने म्हणाला, "तो काढूनच टाकलाय साहेब. गरम व्हायची कटकटच नाही."

हा थर्मोस्टॅट म्हणजे मुठीत मावेल एवढा पितळी पडदा. इंजिन गार असताना तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो, म्हणजे इंजिन लवकर तापतं. पुरेसं तापलं की वाट उघडतो. उष्ण मुलखातले मिस्त्री तो भंगारात टाकतात, पाणी सतत खेळतं राहतं, इंजिन कधी उकळत नाही आणि गिऱ्हाईक खूश. हीच गाडी द्रासला नेली तर ती दिवसभर चालून तापणारच नाही. पेट्रोल जास्त पिईल, आणि हीटर नीट असला तरी त्यातून गारच हवा येईल, कारण द्यायला ऊब पाहिजे ना.

मग आम्ही त्या जिप्सीकडे नव्या नजरेने बघत गेलो. रेडिएटरमध्ये तांबूस नळाचं पाणी. त्याच्या जाळीत लूमच्या धाग्यांची रुई अशी बसलेली की वातीला पुरावी. डब्यातलं ऑइल वीस-पन्नास. मागे सीएनजीची टाकी, कारण सुरतेत पेट्रोल गाडी आहे आणि गॅसचं किट नाही, हे मालकाच्या बुद्धीला कमीपणा आणणारं. त्या टाकीच्या जिवावर झोजिलाची खिंड चढायचा विचार मेजरांनी हवालदारी शब्दांत केला. ते शब्द इथे लिहिता येत नाहीत. फोर-बाय-फोरचा दांडा इतका घट्ट की दोघांनी मिळून ओढला तेव्हा खट्‌ झालं. तो शेवटचा कधी ओढला होता असं विचारल्यावर मालक म्हणाला, खाडीला पूर आला होता तेव्हा. शेवटी मेजरांनी सीटबेल्ट धरला आणि ओढत ओढत पार शेवटपर्यंत बाहेर काढला. टोकाशी, जिथपर्यंत एरवी कुणी ओढत नाही तिथे, पट्ट्यावर आडवी मातकट रेघ होती. 2006 च्या ऑगस्टमध्ये तापीचं पाणी शहरात शिरलं होतं, त्यात कितीतरी गाड्या छतापर्यंत बुडाल्या.

"चहा सांडला असेल," मालक म्हणाला.

मेजरांनी पट्टा सोडला. तो सरसर आत गेला आणि रेघ दिसेनाशी झाली.

परतताना मला त्या गाडीचा राग येईना. तिने काय वाईट केलं होतं? वीस वर्षं सुरतेत राहिली आणि सुरतेची झाली. इथल्या उन्हाने, इथल्या मिस्त्र्यांनी, इथल्या पुराने तिच्यातलं जे लागत नाही ते एकेक काढून टाकलं आणि जे लागतं ते घातलं. तिच्या कागदांवर ती चारही चाकांनी ओढणारी डोंगरी गाडी होती. पण रोजच्या जगण्यात उधन्याच्या पुलावर हॉर्न वाजवत उभी राहणारी, रविवारी डुमसच्या किनाऱ्यावर भजी खायला जाणारी. मी तरी कोण वेगळा? डिसेंबरात ताईकडे भुसावळला गेलो की भरताची पार्टी शेतात असते, सगळे शेकोटीपासून लांब बसून हसतखिदळत खातात आणि मी शेकोटीला चिकटून. ताई म्हणते, "तुला सुरत लागली." लागली असेल. माझा थर्मोस्टॅट कुठल्या वर्षी निघाला ते मला सांगता येणार नाही, काढणाऱ्याने मात्र तेव्हा नक्कीच माझ्या भल्याचं सांगितलं असेल.

हिशेब मांडायला बसलो तेव्हा कळलं की थर्मोस्टॅट काही महाग नाही, महाग आहे त्याच्या मागून येणारी यादी. हीटर, बॅटरी, ऑइल, सगळे रबरी पाइप, दारांची रबरं, गॅसचं किट उतरवून कागदावरून कमी करणं. मग आरटीओची एनओसी, कारण बारा महिन्यांहून जास्त दुसऱ्या राज्यात राहिली तर तिथे नव्याने नोंदवावी लागते. शिवाय भेस्तान ते कारगिल दोन हजारांहून जास्त किलोमीटर, आणि एवढं करून ती द्रासला पोचणार ती नवशिकी म्हणूनच. मेजरांनी फोन हातात घेतला आणि भाच्याला सांगितलं, "पोरा, गाडी तिकडचीच घे. सकाळी जा बघायला, दुपारी नाही. आणि आधी बॉनेटवर हात ठेव. कोमट लागलं तर घरी परत ये."

म्हणजे विकणाऱ्याने आधीच एकदा उठवून ठेवलेली असते.

दिवाळीनंतर कारगिलला त्याला गाडी मिळाली. तिथल्या एका मास्तरांची जिप्सी, आमच्या डेपोतल्या जिप्सीच्याच वयाची. मास्तरांनी आपण होऊन सकाळी सहाची वेळ दिली, आणि भाचा पोचला तेव्हा बॉनेटवर दहिवराचा पांढरा थर होता. हात ठेवायची गरजच पडली नाही. मास्तर बाहेर आले, किल्ली त्याच्या हातात दिली आणि चहा सांगायला आत गेले. पहिल्या सेल्फला गाडी नुसती कण्हली, दुसऱ्याला खोकली, तिसऱ्याला उठली. चहा येईपर्यंत हीटरमधून कोमट हवा यायला लागली होती. मेजरांनी हे सगळं स्पीकरवर ऐकलं आणि "घे" एवढंच म्हणाले.

दोष तिच्यातही भरपूर. मागचे पाटे एकदा तुटून बदललेले, समोरच्या काचेला खडीचा तडा, क्लच संपत आलेला, बसायच्या गाद्यांतून स्प्रिंगा डोकावतात. पण तिकडची हवा कोरडी. चासीला गंज म्हणून नाही. आमच्याकडच्या गाडीला खाऱ्या हवेने आणि मिलच्या वाफेने खालून खाल्लेलं असतं आणि वरून पॉलिश चकाकतं. या दोन्हींत निवडायचं तर मला तडकलेली काच चालेल. आप्पांनी विचारलं किती माणसं बसतात, काठियावाडी भाईंनी एव्हरेज विचारलं, आणि वरच्या मजल्यावरच्या मुलाने रंग विचारला. रंग फिका हिरवा निघाला. त्याने सुस्कारा सोडला.

राहिली एक गोष्ट. रात्री बॉनेटवर जाड पांघरूण घालायचं असतं, म्हणजे इंजिनाची ऊब जरा वेळ टिकते. भाच्याने तसं सांगितल्यावर सोसायटी पुन्हा कामाला लागली, कारण कापड म्हटलं की आमचं गाव. वरच्या मुलाने परत आलेल्या साड्यांचा गठ्ठा आणून टाकला. मेजरांनी एक पदर चुरगाळून बघितला आणि बाजूला ठेवला. सगळं पॉलिएस्टर. गाडी बंद केल्यावर बॉनेट चांगलं तापलेलं असतं, हे कापड त्याला चिकटून बसेल, असं त्यांना वाटलं. साऱ्या देशाला साड्या नेसवणाऱ्या सुरतेत त्या एका जिप्सीवर घालायला सुती चिंधी मिळेना. शेवटी भुसावळला फोन गेला. ताईने ट्रंकेतून आमच्या आईची जुनी सुती लुगडी काढली, पाठीला कळ लागेपर्यंत बसून दोन गोधड्या शिवल्या, एक जाड नि एक त्याहून जरा पातळ, आणि जाड गोधडीच्या कोपऱ्यावर लाल दोऱ्याने खूण केली की ही तुझी, ती गाडीची.

पार्सल पोचल्यावर भाच्याने फोटो पाठवला. पहाटेचा उजेड, मागे उघडा डोंगर, चाकाला लावलेला दगड, आणि बॉनेटवर लाल खुणेची गोधडी.

ताईने तो फोटो मोठा करून बघितला आणि लगेच फोन लावला. भाचा म्हणाला, "आई, मला स्लीपिंग बॅग आहे. तिला काय आहे?" ताईला यावर काही सुचलं नाही. तिने माझ्यावर तोंड सोडलं, की मामाने चांगली गाडी बघून दिली असती तर हिला पांघरूण लागलं नसतं. मी म्हटलं, तिकडे सगळ्याच गाड्यांना लागतं. "सगळ्यांना लागतं तर मग हिलाच लुगडी का माझ्या आईची?" असं म्हणून तिने फोन ठेवला, आणि दुपारी परत करून विचारलं की सुरतेत कापूस कुठे मिळतो, चांगला, पिंजलेला.